चढावर बंद पडणारी गाडी

सुकेशनी रोज संध्याकाळी सासऱ्यांशी खोटं बोलायची. खडकवाडीच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्सची ड्युटी संपवून ती पालमला घरी यायची, गाडी अंगणात लावायची, तेव्हा पंडितराव ओट्यावर बसलेलेच असायचे. तिच्याकडं बघायच्या आधी ते गाडीच्या मागच्या चाकाकडं बघायचे आणि विचारायचे, "कशी चालली आज?"

"मस्त चालली, मामा."

"चढाला?"

"चढाला बी."

मग म्हातारा समाधानानं मान हलवायचा आणि डाव्या हातानं चार्जरची वायर उलगडायला उठायचा.

चढाला गाडी चालत नव्हती. पालम सोडून खडकवाडीच्या रस्त्याला लागलं की मध्ये उघडा माळ आहे. त्याचा चढ दिसायला साधा, पण संपता संपत नाही. निम्म्यावर गेलं की हँडलवरचा वेगाचा आकडा लुकलुकायचा, गाडी एक आचका द्यायची आणि मोटर गप. धूर नाही, आवाज नाही. सुकेशनी खाली उतरायची, ढकलत ढकलत गाडी बाभळीच्या सावलीला न्यायची आणि पाणी पीत उभी राहायची. जरा वेळानं किल्ली फिरवली की गाडी पुन्हा जिवंत, जसं काही झालंच नाही! कधी एकदा बंद पडायची, कधी दोनदा. उपकेंद्राचं कुलूप उघडायच्या आधीच तिच्या गणवेशाची पाठ घामानं ओली झालेली असायची.

घरी सांगायला काही अवघड नव्हतं. पण तिची जीभ रेटत नव्हती, आणि त्याला कारण होतं.

पंडित वाव्हळे म्हणजे सगळ्या तालुक्याला माहीत असलेले लाईनमन. उभी हयात खांबावर गेली. वादळात तारा तुटल्या, कुणाची डीपी जळाली की लोक आधी पंडितरावांना हाक मारायचे. रिटायर झाले तेव्हा गावोगावच्या माणसांनी फेटे बांधले. आणि मग मागच्या वर्षी, पोळ्याच्या पुढं, न्हाणीतून बाहेर येता येता त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पाय महिन्याभरात सावरला. हात मात्र निम्माच परत आला. बोटं हलायची, वस्तू धरायची, पण त्यांत ना जोर होता ना नीटशी जाणीव. डाव्या हातानं जेवताना कुणी बघू नये म्हणून ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं. सुलाबाई, त्यांची बायको, चुलीपुढं बसून सुनेला हळूच म्हणायच्या, "माणूस घरात हाय, पर घरात न्हाई गं."

सुकेशनीचा नवरा नागेश पुण्याकडं कारखान्यात फिटर होता. जयंतीला, दिवाळीला यायचा. त्याची जुनी मोटारसायकल इंजिन बसल्यापासून गोठ्याच्या भिंतीला टेकून धूळ खात होती. सुकेशनी तेव्हा एसटीनं फाट्यापर्यंत जायची आणि पुढं मिळेल त्या जीपनं नाहीतर पायी. एके दिवशी ती उन्हातून लालबुंद होऊन घरी आली. पंडितराव तिच्याकडं बघत राहिले, मग गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्या गाडीला विजेवर करू."

कितीतरी महिन्यांनी घरात त्यांचं सबंध वाक्य ऐकू आलं होतं.

त्यानंतर अंगणाचा कारखाना झाला. फोनवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी सगळं समजून घेतलं. परभणीच्या भंगारवाल्याकडून मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरचं मोटर बसवलेलं चाक आणलं, तेही एसटीत मांडीवर घेऊन. इंजिन उतरवून त्या जागी पत्र्याची पेटी बसवली, पेटीत बॅटरी, सीटखाली मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर. वेग पंचविसाच्या वर जाऊ नये म्हणून तो त्यांनीच बांधून टाकला. वायर न वायर त्यांनी स्वतः जोडली. कुणी मदतीला आलं की म्हणायचे, "बाजूला व्हा. चाळीस वर्स हेच केलंय." गाडी पहिल्यांदा गल्लीतून आवाज न करता गेली त्या दिवशी सुलाबाईंनी घरोघर साखर वाटली आणि पंडितराव सगळ्यांबरोबर पंगतीत बसून, डाव्या हातानं, जेवले.

आता ह्या माणसाला जाऊन सांगायचं की तुमची गाडी चढावर मरते? सुकेशनीनं आपल्या मनाशी ठरवलं होतं, थोडं ढकलावं लागतं एवढंच ना, ढकलू.

मार्च लागला, ऊन तापायला लागलं, तशी गाडीही जास्त बंद पडायला लागली. लसीकरणाच्या दिवशी सुकेशनी लसींचा निळा डबा मागं बांधून निघाली होती. डब्यातला बर्फ सकाळी भरलेला. खडकवाडीत बाया लेकरं घेऊन वाट बघत असणार. चढाच्या निम्म्यावर गाडी गेली ती गेलीच. बाभळीखाली थांबून पाहिलं, किल्ली फिरवली, दोन हात पुढं जाऊन पुन्हा बंद. तिनं डबा सोडून सावलीत ठेवला, वर ओढणी भिजवून टाकली. डांबर तापल्याचा वास येत होता, म्हणजे तिला तो डांबराचाच वाटला.

तेवढ्यात कडब्यानं भरलेलं पिकअप येऊन थांबलं. खडकवाडीचे शेतकरी महारुद्र आप्पा काच खाली करून म्हणाले, "शिस्टर, आज पुन्हा? बसा, डबा मांडीवर घ्या. गाडी राहू द्या हितंच, कोण न्हेतंय ती."

लसीकरण वेळेत झालं. परतताना आप्पांच्याच माणसांनी गाडी पिकअपमध्ये टाकून पालमच्या वेशीवर उतरवून दिली आणि सुकेशनी सपाट रस्त्यावरून नेहमीसारखी घरी आली. पण दुसऱ्या दिवशी पालमच्या चौकात चहा पिताना महारुद्र आप्पांना पंडितराव भेटले. आप्पांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते आपले काळजीनं म्हणाले, "पंडितराव, गाडी लय झकास केली बघा. पर सूनबाई रोज माळावर ढकलायलीय. तेवढं बघा की."

त्या संध्याकाळी पंडितराव ओट्यावर होते, पण त्यांनी चाकाकडं बघितलं नाही.

"कशी चालली?"

सुकेशनीनं त्यांच्या आवाजावरूनच ओळखलं. तिनं हेल्मेट हातातच धरून ठेवलं.

"बंद पडती, मामा. चढाला."

"कवापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पंडितरावांनी आता चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, "लाईन गेली की लोक फोन करायचे. शिव्या द्यायचे, आईबहिणीवरून. त्याचा मला कदी राग आला न्हाई. तक्रार आली म्हनून तर फॉल्ट कुठं हाय ते कळायचं. अन् तू घरातली असून तक्रारच केली न्हाईस."

"तुमाला वाईट वाटंल म्हनून..."

"वाटलं ना मग. आता वाटलंच ना?"

ते आत गेले. सुकेशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुलाबाई तिच्या हातातलं हेल्मेट घेत म्हणाल्या, "राहू दे. सकाळच्याला बग, उजाडायच्या आत गाडीपाशी असतील."

झालंही तसंच. सकाळी सुकेशनी उठली तेव्हा गाडी मधल्या स्टँडवर उभी होती, सीट काढून भिंतीला लावली होती आणि पंडितराव गुडघ्यावर बसून वायरी चाचपत होते. कालचा राग कुठल्या कुठं. त्यांनी तिला उलटसुलट विचारलं. आकडा आधी लुकलुकतो का मोटर आधी थांबते? एकदम थांबते का दम लागल्यासारखी? ब्रेकला हात लागलेला असतो का? तिला आठवेल तसं ती सांगत गेली, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय.

पहिला संशय ॲक्सिलेटरच्या मुठीवर गेला. ती बदलली. मग ब्रेकचा स्विच. ब्रेक दाबला की मोटर थांबावी म्हणून तो बसवलेला, तो मधूनच लागत असेल म्हणून काढून पाहिला. मग परभणीहून दुसरा कंट्रोलर आणवला. दर वेळी स्टँडवर चाक असं भन्नाट फिरायचं की सुलाबाई ओरडायच्या, "अहो, उडून जाईल ती!" मीटर लावला की बॅटरी भरलेली दाखवायची. आणि दर वेळी माळावर गाडी बंद पडायची. फरक एवढाच की आता सुकेशनी तिथूनच फोन करायची, "मामा, पडली." पलीकडून नुसता हुंकार यायचा.

कंट्रोलर बदलूनही तेच झालं, तसे पंडितराव बेजार झाले. सुकेशनी अंगणात आली तर ते मीटर मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते.

"सगळं बराबर दाखवतंय," ते म्हणाले. "हितं काहीच फॉल्ट न्हाई. माझाच दिमाग चालंना झालाय."

सुकेशनी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. "मामा, आमच्याकडं काही पेशंट येतेत. बाकड्यावर बसवून तपासलं की एकदम ठणठणीत. मनतेत, शिस्टर, पायऱ्या चढल्या की छातीत दुखतंय. मग मोठे डॉक्टर काय करतेत, त्याला पट्ट्यावर पळवतेत अन् पळतानाच मशीन लावून बघतेत."

पंडितरावांनी तिच्याकडं पाहिलं.

"गाडी हितं बसलेलीच हाय की," ती म्हणाली. "चाक हवेत फिरतंय, त्याला कसलं वझं? पळताना बघू ना."

"लोडवर," पंडितराव पुटपुटले. "लोडवर बघाया पायजे. हे मला कळंना?" आणि ते चक्क हसले. "चल. आत्ताच चल."

सुकेशनीला त्या दिवशी सुट्टी होती. पंडितरावांनी मीटरच्या वायरी लांब करून बॅटरीच्या दोन टोकांना चिकटपट्टीनं बांधल्या, सीट नुसतीच वर ठेवली आणि मीटर हातात धरून सुनेच्या मागं बसले. सासरा मागं आणि सून पुढं, अशी वरात गल्लीतून निघाली. सुलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. किराणावाला राम दुकानातून ओरडला, "मामा, बीपी किती दाखवायलंय?"

"तुझ्यापेक्षा कमीच हाय," पंडितराव म्हणाले.

माळाचा चढ सुरू झाला. आज दोन माणसांचं वजन, गाडी कण्हतच वर चढू लागली. मागून पंडितराव आकडे वाचत होते, "चौसष्ट... त्रेसष्ट... बासष्ट..." हँडलवरचा आकडा लुकलुकला, आचका बसला आणि मोटर थांबली.

"किती व्हता?" सुकेशनीनं विचारलं.

"बासष्टच." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. "बॅटरी तर ताठ उभी हाय. दम बॅटरीला लागतच न्हाई."

ते खाली उतरले, बाभळीच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. तिथून खाली विजेच्या खांबांची रांग माळ उतरून गेलेली दिसत होती. त्यातले कितीतरी खांब त्यांनी स्वतः उभे केलेले. बराच वेळ तिकडं बघून ते म्हणाले, "डीपीपाशी व्होल्टेज भरपूर अन् शेवटच्या घरात बल्ब मिणमिणता. असं कवा होतं ठाव हाय का? मधी लाईन खाती तवा. वायरी कंट्रोलरपाशी लाव."

सुकेशनीनं त्यांच्या सांगण्यावरून आधी मेन स्विच बंद केला, मग वायरी सोडवून कंट्रोलरच्या टोकांना लावल्या. थोडं थांबून दोघं माळाच्या पायथ्याला गेली आणि पुन्हा त्याच चढाला लागली. ह्या वेळी पंडितराव वाचत होते ते आकडे पायऱ्या उतरल्यासारखे खाली येत होते. साठ, सत्तावन्न, चोपन्न. बावन्नाला गाडी बंद पडली.

"धरला!" पंडितराव ओरडले. "धरला चोर! बॅटरीपाशी बासष्ट अन् हितं बावन्न. कंट्रोलरला वाटतंय बॅटरी संपली, म्हनून तो मोटर बंद करायलाय. दहा व्होल्ट ह्या हातभर वायरीत मरायलेत!"

सुकेशनीला त्यांचा हा आवाज नवीन होता. लग्न होऊन घरात आल्यावर तिनं पाहिलेला रुबाबदार सासरा ह्या आवाजात बोलायचा. मध्ये ती तो विसरूनच गेली होती. तिनं स्विच बंद करून सीट काढली. तोच डांबराचा वास आला, आणि तो डांबराचा नव्हताच. सीटखाली, जाड तांबड्या वायरीच्या टोकाला गुंडाळलेली चिकटपट्टी वितळून काळी झाली होती. ती गार होऊ दिली आणि सुकेशनीनं पट्टी सोलली. वायरीच्या टोकाला तांब्याचं थिंबल दाबून बसवलेलं होतं. त्याच्या भोकातूनच बोल्ट आवळतात. तिनं ते चिमटीत धरलं मात्र, वायर थिंबलातून अलगद निघून तिच्या हातात आली.

तिनं काळ्या वायरीचं थिंबल पाहिलं. तेही हललं.

वर मान केली तेव्हा पंडितराव थिंबलाकडं बघत नव्हते. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते.

थिंबल दाबायची पक्कड लांब दांड्यांची असते. दोन्ही हातांनी दोन्ही दांड्या पार मिटेपर्यंत दाबायच्या, तेव्हा तांबं वायरीला घट्ट धरतं. पंडितरावांनी दाबल्या होत्या. उजवा हात मध्येच थांबला होता आणि थांबलेला त्यांना कळला नव्हता. मग जुन्या सवयीनं प्रत्येक वायर त्यांनी ओढून बघितली होती. त्याच हातानं.

"मी ओढून बघितल्या व्हत्या," ते म्हणाले. "एकूण एक."

"मला म्हाईत हाय, मामा."

"चाळीस वर्सांत माझा एक जंपर, तारेचा एक जोड सुटला न्हाई, सुकेशनी. एक न्हाई." त्यांनी हात पाठीमागं नेला, जसा ते जेवताना न्यायचे. "अन् तुला पाठवायलो रोज ह्याच्यावर. लसीचा डबा घेऊन. पेटली असती तर?"

सुकेशनी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. उतारावरून बंद गाडी तशीच घरंगळू देत, ब्रेकवर हात ठेवून दोघं खाली आली आणि पुढं सपाटीवर ढकलत घरी.

घरी आल्यावर पंडितराव आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. चहालाही उठले नाहीत. सुकेशनीनं सासूला सगळं सांगितलं, आणि सांगताना तिला भीती वाटत होती की घर पुन्हा त्या मुक्या दिवसांत जातंय. ती म्हणाली, "आत्या, मी चौकातल्या वायरमनकडून दाबून आणते. मामांना मनते, मीच केलं."

सुलाबाई ज्वारीचं पीठ मळत होत्या. त्यांनी परात सरकवली. "पुन्हा खोटं बोलतीस का? आन ती पक्कड."

पक्कड, नवी थिंबलं आणि वायर घेऊन त्या सरळ नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसल्या.

"उठा. हे कसं दाबायचं ते सांगा."

"जा तू."

"मी जात न्हाई. तुमी खांबावर असायचे तवा मी रोजानं दगडं फोडलेत, कापूस येचलाय, हिरीवरून पाणी वढलंय. माज्या हाताला काय झालंय? फक्त मला कळत न्हाई कुठं दाबायचं. ते तुमाला कळतंय. मग झालं की."

पंडितराव तसेच पडून राहिले. सुलाबाईंनी थिंबल उलटंच पक्कडीत धरलं आणि दाबायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून मात्र म्हाताऱ्याला राहवेना. ते कुशीवर वळले.

"तसं न्हाई! उलटं धरलंय. आगं, वायर आत तरी सरकव आदी!"

"मग उठून दाखवा की."

ते उठले. डाव्या हातानं त्यांनी वायर सोलली, तांब्याच्या तारांना पीळ दिला, थिंबलात सरकवून पक्कडीच्या जबड्यात बरोबर बसवली. सुलाबाईंनी दोन्ही दांड्या धरल्या. हातांना पीठ लागलेलं, बांगड्या मागं सारलेल्या.

"दाब. आणखी. आणखी. थांबू नगंस, आवाज येईपर्यंत."

कडक् आवाज झाला. सुलाबाईंनी श्वास सोडला. "हे एवढंच?"

"सुकेशनी, तू वढ," पंडितराव म्हणाले. "पाय लावून वढ. माझ्यावर इसवास ठिऊ नको."

सुकेशनीनं वायरीचा दुसरा शेंडा हाताला गुंडाळला, उंबऱ्याला पाय लावला आणि सगळा जीव लावून ओढली. वायर हलली नाही. पंडितराव खाली वाकून निरखत होते. दुसरं थिंबल झालं, मग मोटरच्या तिन्ही वायरींची, मग चार्जरची. सुलाबाई चौथ्याला म्हणाल्या, "माझ्या भाकरी तशाच राहिल्यात," पण पक्कड त्यांनी खाली ठेवली नाही. ओढून बघायचं काम सुकेशनीचं. एक वायर तिनं ओढताच सुटली, तर पंडितराव नाराज झाले नाहीत. जबडा बदलायला लावून सुलाबाईंकडून पुन्हा दाबून घेतली. जेवायला दुपार टळून गेली. त्या दिवशी ते भिंतीकडं तोंड करून बसले की नाही, ह्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, इतकी सगळ्यांना भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनी निघाली तेव्हा पंडितरावांनी मीटर कंट्रोलरला जोडून हँडलला बांधून दिला, पण ते बरोबर आले नाहीत. "मी मागं बसलो तर तुझं ध्यान माझ्याकडं राहील," म्हणाले.

माळाला लागताना मीटरचा आकडा बघायचा नाही असं ठरवूनही ती बघत होती. बाभळ जवळ आली, बाजूनं गेली, मागं पडली. गाडीचा वेग थोडा मंदावला, पण आचका बसला नाही. पुढचा चढ तिनं गाडीवर बसून कधी पाहिलाच नव्हता. रस्त्याच्या कडेला करडईचं पीक वाळून उभं होतं आणि तिला ते आज पहिल्यांदा दिसलं. वर पोहोचल्यावर तिनं गाडी बाजूला घेतली, स्विच बंद करून सीटखाली हात घातला. थिंबलं कोमट होती.

फोन सुलाबाईंनी उचलला. "चढली का?"

"चढली, आत्या. एकदा बी थांबली न्हाई."

पलीकडं सुलाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "चढली म्हनं." भांडं ठेवल्यासारखा आवाज आला आणि पंडितरावांचा घसा खाकरल्याचा.

"व्होल्ट किती हाय?"

"एकसष्ट."

"अन् थिंबल?"

"कोमट हाय. हाताला सोसतंय."

"हां. उतारावर ब्रेक मागचा दाब आदी. अन् लेकरं वाट बघत असतील, हितं बोलत बसू नको."

खडकवाडी समोर दिसत होती. उपकेंद्राच्या पायरीवर दोन बाया बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर तान्हं मूल होतं. सुकेशनीनं फोन खिशात टाकला, आणि उताराला लागताना आधी मागचा ब्रेक दाबला.